दोन अँटिव्हायरस आणि एक अंगठा

आमच्या बीबी गावात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. तिथल्या कॉम्प्युटरवर मी स्वतःच्या हाताने कागद चिकटवला होता, ‘अपडेट करू नये’. ही अक्कल मला दिली आमच्या मेकॅनिकने. "अपडेट केलं का मशीन बसते बे," असं तो म्हणाला आणि वर दोन अँटिव्हायरस टाकून गेला. सुरक्षा डबल म्हणे. मी सात वर्षं त्याचं ऐकलं. आजही आठवलं की डोकं फिरतं.

अंगठ्याचा ठसा घ्यायच्या मशीनचं सॉफ्टवेअर दर आठ-पंधरा दिवसांनी बिघडायचं. पुन्हा टाकायला तास-दीड तास, आणि तेही अर्धवट बसायचं. अशात एक म्हातारी आली, एकटीच राहणारी. निराधार योजनेचे पैसे चालू ठेवायचे तर ती जिवंत असल्याचं अंगठ्याने सिद्ध करायचं होतं. अंगठा काही लागेना. तीन हेलपाटे झाले. चौथ्यांदा मी शहाणपणा केला.

"आजी, वावरात निंदून निंदून तुमचा अंगठा घासला. महिनाभर कामाले जाऊ नका, खोबरेल लावा. रेघा येतीन."

हे सगळेच दुकानदार सांगतात, म्हणून मीही सांगितलं. ती ‘बरं’ म्हणाली आणि ऐन निंदणीत मजुरी बुडवून घरी बसली.

त्याच महिन्यात मी एकदा लोणारला गेलो असताना बायकोने तो कागद फाडला आणि नवी सिस्टीम टाकली. मी आल्या आल्या तिच्यावर ओरडलो. माझ्यासमोर तिने अंगठ्याचं सॉफ्टवेअर टाकून दाखवलं. चार मिनिटांत बसलं.

"काऊन इतकं लवकर?" मी विचारलं.

"जुन्यात एक फाईल आली का दोन्ही अँटिव्हायरस तिले तपासत. सॉफ्टवेअरले जे लागे ते जुन्या सिस्टीममंधी नव्हतं, ते शोधत बसे अन् अर्ध्यातच थांबे. नव्यात ते पह्यलेच हाये, अन् अँटिव्हायरसही एकच."

मला आनंद व्हायला हवा होता, पण मी संतापलो. मेकॅनिकवर तर संतापलोच, पण त्याहून जास्त स्वतःवर.

महिना भरला आणि म्हातारी आली. अंगठा पहिल्याच वेळी लागला.

"तुमचं आयकलं ते बरं केलं," ती म्हणाली. "शेजारच्या दोघींचाही अंगठा लागत नाही, त्याहीले सांगतलं म्या. त्याही कालपासून घरी बसल्या."

बायको माझ्याकडे बघत होती. गप्प राहिलो असतो तर कोणाला कळलं नसतं, पण ते जमेना.

"त्याहीले कामाले जा म्हणा, आजी. तुमचा अंगठा चांगलाच होता. मशीन माही खराब होती."

तिने स्वतःचा अंगठा उलटसुलट करून पाहिला.

"मंग माहा महिना?" तिने विचारलं.