चार तकबिरी

कफनाला लावतात त्या कापराचा वास आला की औशाचं कब्रस्तान आठवतं. दीनचं, म्हणजे धर्माचं, शिक्षण फर्ज आहे, म्हणून अब्बा मला लातूरच्या मदरशात धाडायचे. मी मात्र दोन वर्षं मदरसा बुडवून गुपचूप गणिताच्या क्लासला बसलो. भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांच्या लेकीचा जनाजा समोर ठेवलेला, आणि मौलाना दुसऱ्या गावच्या मातीला गेलेले. तिचा बाप म्हणाला, "बेटा, तू तर पढून राहिला ना? हो पुढं, जनाज्याची नमाज पढव, लाजू नको." खरं न सांगता मी पुढं झालो. 'अल्लाहु अकबर'च्या चार तकबिरी मोठ्यानं म्हटल्या, पण मधली मयतासाठीची दुआ येत नव्हती, म्हणून नुसते ओठ हलवले. सगळ्यांच्या पुढं उभं राहून मी तिच्यासाठी काहीच मागितलं नाही. तिचा बाप आता म्हातारा झालाय; आजही मला पाहिलं की काठी टेकत उठतो आणि आधी सलाम करतो.