निवडलेल्या घरचं दूध

तुमच्या घराचा नंबर कधी पाहणीत निघालाय का? कामातल्या जोडीदार मंगलताईंबरोबर दुधाच्या सरकारी पाहणीला फिरायला लागल्यापासून माझ्याकडे असे किस्से इतके साठलेत, की घरी सांगायला बसले तर मुलगी टीव्हीचा आवाज वाढवते.

काम तसं साधं. गावांचे तीन गट: डोंगराकडची, कालव्याखालची आणि कोरडवाहू. प्रत्येक गटातली थोडीच घरं कॉम्प्युटर काढतो. त्यांचं दूध मोजायचं, त्यावरून अख्ख्या गावाच्या आणि गटाच्या दुधाचा अंदाज धरायचा. निघालेलं घर बदलायचं नाही, हा नियम.

कालव्याखालच्या गावात एक आजोबा अडून बसले. "आमचंच घर का?"

"कॉम्प्युटरनं काढलं, बाबा. तो कुणाला ओळखत नाही."

"वळखत न्हाई, मग दर बारीला आमच्याच दारात कसा येतो?"

मंगलताईंनी टॅब उघडला. गेल्या पाहणीत तेच घर, त्याआधीही तेच. दूध मोजलं, पण चहाला थांबलो नाही.

डोंगराकडच्या अकोले तालुक्यात पाहणीत निघालेल्या एका घराला कुलूप होतं. आतून मात्र बादलीत धार पडल्याचा आवाज. हाक मारली, आवाज थांबला. तांदूळ निवडत बसलेली शेजारीण म्हणाली, "गाय विकून शिर्डीला गेली ती माणसं. हाटेलात कामाला. गोठा मोकळाच हाय."

मोकळा गोठाही मोजायचा असतो. मंगलताईंनी शून्य लिहिलं. जीपमध्ये बसल्यावर हळूच म्हणाल्या, "धार ऐकली, ती कुठल्या रकान्यात लिहायची गं?"

मग घोडेगावजवळचं एक कोरडवाहू गाव. तिथून एकच घर निघालं, पारूबाईंचं. बाई एकट्या, म्हैस एकच, तिच्यावरच चूल. मोजलं की दिष्ट लागून म्हस आटती, म्हणून त्या भांडं पदराखाली घेऊन बसल्या.

"शेजारच्याचं मोजा की. त्याच्या चार हायेत."

"घर बदलता येत नाही, मावशी. तुमच्या म्हशीवरून सगळ्या गावाचं धरतात."

"आन् माझी आटली तर?"

"तर तसं लिहू."

"म्हंजी साऱ्या गावाची आटली, आसं?"

"कागदावर तसंच धरतात," मी म्हणाले.

 त्यांनी पदराखालचं भांडं पुढे केलं. संध्याकाळचं दूध मोजलं. सकाळचंही मोजायचं असतं, म्हणून मुक्काम गावातच केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पारूबाईंच्या म्हशीनं दूध दिलं नाही, आणि गावच्या डेअरीवर एकही किटली आली नाही.