मावशीने गाडी उसवली

"अहो, पत्र्याला माया किती सोडायची?"

मावशीने हे विचारलं तेव्हा तिच्या ओठांत टाचण्या होत्या. तोंडात टाचण्या धरून ती इतकं स्वच्छ बोलते की गिऱ्हाइकांना तिच्या तोंडात काही आहे हे कळतसुद्धा नाही. माया म्हणजे शिवणीच्या आत सोडलेली जादा पट्टी. पुढेमागे अंग भरलं तर कोट सैल करता यावा म्हणून.

खिडकीपाशी खुर्चीत बसलेल्या काकांनी मान वळवली नाही. "पत्र्याला माया नसते. आणि शनिवारी भंगारवाला गाडी न्यायला येतोय. कशाला डोकं लावतेस?"

"शनिवार यायचाय अजून."

वर घर, खाली गॅरेज. वरच्या पुढच्या खोलीत मावशी कपडे शिवायची, खाली काका गाड्यांचा चेपलेला, सडलेला पत्रा ठोकून सरळ करायचे. ते तिला टेलरबाई म्हणणार, ती त्यांना डेंटरसाहेब. खालची हातोडी थांबली की वरचं मशीन थांबायचं आणि चहा व्हायचा.

मग काकांना झटका आला. उजवा हात लुळा पडला. हळूहळू परत आला, पण अर्धाच. पेला धरायचा, हातोडी धरायचा नाही. पाय ठणठणीत होते. तरी काका जिना उतरेनात.

"खाली जाऊन काय करू? हात खिशात घालून उभा राहू?" एवढं बोलून पुन्हा खिडकी.

गॅरेजात आता एकच गाडी उरली होती, त्यांची स्वतःची. फिकट निळी, गोल नाकाची, लग्नानंतर जुनीच घेतलेली. लोकांच्या गाड्यांपुढे हिची पाळी कधी आलीच नाही. पुढच्या काचेचं रबर चिरलं होतं, तिथून झिरपलेलं पाणी पायपुसण्याखाली साचून राहायचं. मी एकदा ते पायपुसणं उचललं तर खाली थेट गॅरेजची जमीन दिसली. वरून रंग कसा झकास, आणि तळाचा पत्रा चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा.

जिन्यात मावशीने मला गाठलं. "ती गाडी गेली ना, की हा माणूस त्या खुर्चीतून उठायचा नाही. लिहून ठेव."

"मग तू दुरुस्त करणार? तू?"

"का? मला कापता येतं, जोडता येतं. कामगाराने दांडी मारली की टाके मारायला खाली कोण जायचं? तुझी आई?"

तेही खरंच. दोन पत्रे पक्के जोडायच्या आधी वेल्डिंगचे जे छोटे ठिपके देतात, त्यांना टाकेच म्हणतात. मावशीचे टाके काका नेहमी जवळून बघायचे आणि काही बोलायचे नाहीत. त्यांच्या भाषेत ती शाबासकी.

तिने कामाला हात घातला तो आपल्याच पद्धतीने. पेट्रोलची टाकी आणि सीटा काढल्या. गाडी पुढून-मागून लोखंडी घोड्यांवर चढवली. दारं उतरवली. "बाह्या आधी काढायच्या, मग अंगाचं काम," ती म्हणाली. मग डोळ्यांवर काळा चष्मा, डोक्याला माझी ओढणी, आणि ग्राइंडर घेऊन तिने तळाचा पत्रा कापायला सुरुवात केली. डावीकडचा काढला, उजवीकडचा काढला, मधला सडका पट्टाही काढला. तुकडे जमिनीवर मांडले आणि त्यांच्यावर खाकी कागद पसरून खडूने माप घेतलं. जुना कोट पूर्ण उसवून नव्या कापडावर ठेवतात, अगदी तसं. मला तर कौतुकच वाटत होतं.

शुक्रवारी दुपारी ती म्हणाली, "चल, बाही लावून बघू."

दार बिजागरीवर बसलं. मावशीने ते ढकललं. ते लागेना. कडी आपल्या खाचेच्या बोटभर खाली येऊन नुसती ठोकत होती. दुसऱ्या बाजूचं दार, तेच. मावशीने पुन्हा ढकललं, मग खांद्याने रेटलं, मग गाडीपासून दोन पावलं मागे सरकून नुसती बघत राहिली. गोल नाकाची ती गाडी पोटात वाकली होती. खाटेची दोरी सैल झाल्यावर माणूस मध्ये खचतो ना, तशी.

वर आल्यावर मावशी मशीनपाशी बसली. मशीन चालवलं नाही.

काका म्हणाले, "ठोकण्याचा आवाज कसला होता?"

"दाराचा. लागत नाहीये."

"दार का काढलंस?"

"बाही काढल्याशिवाय अंग कसं..." ती थांबली. "तळ काढला मी. सगळा."

आता काकांनी मान वळवली. "दोन्ही बाजूंचा? एकदम?"

"हो."

"आणि मध्ये आधार?"

"कसला आधार? कोट उसवताना कोण आधार देतं?"

 मला वाटलं, आता काका भडकणार. त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होते. किती दिवसांनी, कोण जाणे.

"गाडीच उसवलीस, टेलरबाई."

"उसवली. मग? उद्या तो येईल आणि नेईल. उगाच वाया घालवला मी आठवडा." तिने मशीनवर झाकण घातलं. "तुम्ही सांगितलं असतंत एका शब्दाने तर..."

काकांचं हसू विरलं. ते खुर्चीच्या हातावर डावा हात टेकवून उठले.

"माझ्या चपला कुठेत?"

चपला कपाटाखाली पार भिंतीला गेल्या होत्या. मी पालथी पडून काढल्या, फुंकर मारून धूळ उडवली. मावशीने जिन्यातला दिवा भर दुपारी लावला.

खाली काकांनी आधी गाडीभोवती एक फेरी मारली, बोटाने कापलेली कड तपासली. "कापलंयस मात्र सरळ," ते म्हणाले. मग एक स्टूल मागवून ते गाडीच्या आत ठेवलं, म्हणजे जमिनीवरच, आणि त्यावर बसले. स्टिअरिंग समोर, छप्पर डोक्यावर, चपला गॅरेजच्या लादीवर.

"पायांनी चालवा आता," मावशी म्हणाली.

"तू जॅक लाव. दाराखालच्या पोकळ पट्टीला, मधोमध. मध्ये लाकूड ठेव. दोन्हीकडे, सारखं."

मी एका बाजूला, मावशी दुसऱ्या बाजूला. काका डाव्या हाताने दार ओढायचे आणि कान द्यायचे.

"वर. अजून."

ठक.

"अजून. हळू गं, बाई. कोट नाही तो."

ठक.

"थांब. तू नाही, भाची थांबेल. तू अर्धा पीळ घे."

या वेळी ठक आलं नाही. जाड पुस्तक मिटल्यासारखा आवाज आला आणि दार लागलं. काकांनी ते उघडलं आणि पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं ते निव्वळ हौसेने.

"आता आतून या खांबापासून त्या खांबापर्यंत पाइप धर. आणि टाका मार."

मावशीने टाके मारले. काकांनी जवळून बघितले आणि काही बोलले नाहीत.

मग तिने कापलेला नवा पत्रा जागेवर धरला. तो सगळ्या कडांनी जास्त होता.

"माया सोडलीस ना शेवटी?"

"कमी पडलं तर कापड कुठून आणू मी?"

काकांनी कड अंगठ्याने दाबून बघितली. "असू दे. खाली वाकवून घेऊ. पक्कं बसेल उलट." मग डाव्या हातात हातोडी घेतली. पहिला घाव चुकला, दुसराही. तिसऱ्याला पत्रा वाकला. मावशी तोवर मुद्दाम दुसरीकडे बघत होती.

भंगारवाला शनिवारी सकाळी आला तेव्हा डावी बाजू बसली होती, तिच्यावर लाल गंजरोधक रंग वाळत होता. काका उजव्या बाजूला ठोकत होते, त्यांच्या बेताने, थांबत थांबत.

"उस्ताद, गाडी न्यायला आलो होतो."

"आलायस तर ते पोतं ने," काका हातोडीने कोपऱ्याकडे दाखवत म्हणाले. पोत्यात गाडीचा जुना तळ होता. त्याने ते उचललं तेव्हा खालून गंजाचा भुगा सांडला, आणि तो दारापर्यंत सांडतच गेला.

मावशी झाडू घेऊन आली. "अहो, तो मधला पट्टा कधी जोडायचा?"

"ही बाजू झाल्यावर," काका म्हणाले. "एका वेळी एक. चहा टाक आधी."