आसरांच्या विहिरीतला कंदील

मे १९७२, दुसरा आठवडा, नगर. सुट्टीतलं विज्ञान शिबिर. हजर: विज्ञानाचे सर, मुलींसाठी एक बाई, नगरमधली आठवी-नववीची मुलं, केडगावच्या दोन मुली आणि पाथर्डीकडची मी.

सरांनी बरणीत खाण्याच्या सोड्यावर लिंबू पिळलं. फेस बसल्यावर बरणी पेटत्या मेणबत्तीवर अलगद कलती केली. काहीच पडताना दिसलं नाही, पण ज्योत गेली.

"सर, भानामती," मागून एक मुलगा म्हणाला. सगळे हसले, सरही.

मी विचारलं, "सर, हा वायू विहिरीत असतो का?"

"असतो. जड असतो, तळाशी बसतो. पडीक विहिरीत आधी कंदील सोडून बघावा. तो विझला तर माणूसही टिकत नाही."

दोन वर्षांपूर्वी माझे धाकटे चुलते आमच्या विहिरीतला गाळ काढायला उतरले, खाली बसले आणि उठलेच नाहीत. आकडे टाकून त्यांना वर काढलं. गाव म्हणालं, आसरांनी नेलं. पाण्यात राहणाऱ्या त्या सात बाया. तेव्हापासून विहीर पडीक होती. आता दुष्काळामुळे आसरांची ओटी भरून वडील उतरणार होते, त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी. सरांना सांगून मी शुक्रवारी सकाळची एसटी धरली.

पोचले तेव्हा वडिलांच्या कमरेला दोर बांधून झाला होता. मी धापा टाकत बरणीचं आणि मेणबत्तीचं सांगितलं.

"मेनबत्ती इझली म्हनून मी उतरू नको व्हय?" वडील म्हणाले.

"उतरा, दादा. पण आधी कंदील उतरू द्या."

"सोडा की," त्या धाकट्या चुलत्यांची बायको, माझी चुलती, म्हणाली. "त्याला काय भाकर घालायची हाय?"

कंदील निम्म्यापर्यंत नीट गेला. मग ज्योत बारीक होत विझली. वारा नव्हता. वर ओढून पेटवला, पुन्हा सोडला. त्याच जागी विझला. वडिलांनी कमरेचा दोर सोडला.

"आसरांनी फुकर मारली," एक म्हातारे म्हणाले.

निघताना सरांनी दिलेला उपाय मी सांगितला: दोराला कडुलिंबाची मोठी फांदी बांधून वरखाली करायची, हवा खेळवायची, मग पुन्हा कंदील. दोराला कोणी हात लावेना. माणसं पांगली. चुलती तेवढी काठावर थांबली.

"म्हंजी तवा आमी आदी कंदील सोडला असता, तर त्ये वर आलं असतं?"

"व्हय," मी म्हणाले.

तिने ओटीचा नारळ उचलून घरी नेला. आसरांची ओटी तिने पुन्हा कधी भरली नाही, आणि विहिरीच्या वाटेनं कधी गेलीही नाही.

आता वडील नाहीत, तीही नाही. विहीर माझ्या नावावर आहे. दर उन्हाळ्यात मी गडी ठरवते. गावातले येत नाहीत. जामखेडकडचे येतात, गावात आसरांचं ऐकतात, वाकून खाली बघतात आणि काहीतरी कारण सांगून जातात. गाळ अजून काढायचा आहे.