पुस्तकांसाठी लावलेला कौल

देव खरंच ऐकतो का, हा प्रश्न मला पूर्वी कधी पडला नव्हता. वारज्याच्या आमच्या घराण्यात खंडोबाला विचारल्याशिवाय कुणी विहीरसुद्धा खोदली नाही. पण गेल्या वर्षी माझी बारावीतली मुलगी गप्पच झाली. कॉलेज बंद, धड जेवण नाही, दिवसभर खोलीत पडून. तिची आई फार मागं लागली तेव्हा एवढंच म्हणाली, "कशाला उठायचं ते सांग, मग उठते." मार्केट यार्डात कांद्याची आडत चालवणारा मी, दिवसभर बोलण्यावर पोट भरणारा, पोरीसाठी उत्तर मिळेल का म्हणून ओळखीच्यांना विचारत सुटलो.

कुणीतरी म्हणालं, तिला तत्त्वज्ञान वाचायला द्या. सदाशिव पेठेतल्या एका दुकानात गेलो आणि तत्त्वज्ञानाची चांगली पुस्तकं मागितली. काउंटरवरचे गृहस्थ मान वर न करता म्हणाले, "वाईट आम्ही ठेवत नाही." मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पोत्यातला वरचा माल बघू नये, मधला काढून बघावा, एवढंच ठाऊक. तसं एकेक पुस्तक मध्यावर उघडून बघितलं. कुठं माणूस एकटाच असतो असं लिहिलेलं, कुठं जगणं म्हणजे दुःखच. हे वाचून पोरगी आणखी खचली तर? तरी चार-पाच घेऊन आलो, पण तिच्या हातात द्यायचं धाडस होईना.

मग आमच्यात जे करतात तेच केलं. संध्याकाळी अंघोळ करून पुस्तकं देवापुढं मांडली आणि कौल लावला. मूर्तीला ओली पाकळी चिकटवायची. उजवीकडून पडली तर होय, डावीकडून पडली तर नाही. एकेक पुस्तक हातात धरून विचारलं. पाकळी जागची हलेना. "देवा, पोरगी हातची चाललीय, काहीतरी बोल," असं म्हणून मी तसाच बसून राहिलो. इतका राग मला देवाचा कधी आला नव्हता.

मागं ती येऊन उभी होती. "पप्पा, काय करताय?"

"यातलं कुठलं तुला द्यावं, देवाला विचारतोय."

"त्यानं वाचलीयेत का?"

हसली नाही, पण खाली बसली. पाकळीकडे बघत म्हणाली, "तुम्हाला कधी वाटतं का, कशाला जगायचं?"

कौल मिळाला असता तर पुस्तक देऊन मी मोकळा झालो असतो. कौलच नव्हता, म्हणून खरं बोललो. "वाटतं. जमीन बिल्डरला दिली, बंगला झाला, तवापासनं लई वेळा वाटतं. तुझ्या आईलापण बोललो न्हाई."

ती सरकून जवळ बसली. मग रडत म्हणाली, मरून जावंसं वाटतंय, आणि ते कुणाला सांगावं कळत नव्हतं. आम्ही दोघं तिथंच रडलो. दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरांकडे नेलं.

औषधं चालू आहेत. त्या पुस्तकांतलं तिनं एक ठेवून घेतलं, बाकीची नको म्हणाली. बरी झाली असं अजून म्हणवत नाही. ओली पाकळी चिकटून राहते त्यात नवल काय, असं लोक म्हणतात. नसेलही. मी वाद घालत नाही. त्या संध्याकाळी देव गप्प राहिला म्हणून मला पोरीचं ऐकू आलं, हे त्याचे उपकार मी विसरणार नाही.

आता कौल मागत नाही. सकाळी पोरीला मनोमन त्याच्या पायावर घालतो आणि कामाला जातो. दुपारी फोन करून विचारतो, जेवलीस का. कधी हो म्हणते, कधी फोन उचलत नाही. तेव्हा माल तसाच टाकून घरी येतो आणि तिच्या दाराशी बसून राहतो.