जंगलाची एक मिनिट शांतता

जंगलातल्या एका निवासी शिबिरात आमच्या माहितीपटाचं चित्रीकरण चालू होतं, आणि आवाजाचं काम माझ्याकडे होतं. एका जागेचं चित्रीकरण संपलं, की मी तिथली एक मिनिट शांतता रेकॉर्ड करून घ्यायची. प्रत्येक जागेची शांतता वेगळी असते, एकीची दुसरीला चालत नाही. संकलनात बोलण्यामधल्या रिकाम्या जागी तीच जोडावी लागते.

शेवटच्या दिवशी मी ते मिनिट रेकॉर्ड करायला लागणार, तोच शिबिरात स्वयंपाक करणाऱ्या हिराबाईंनी हेडफोन मागितला. त्यांचा नवरा मध काढायला याच जंगलात गेला, तो परतलाच नव्हता.

"ताई, ह्यात लांबचं बी ऐकू येतं ना?"

"येतं. पण पानांचंच."

"असू द्या."

त्या डोळे मिटून उभ्या राहिल्या. मिनिट संपता संपता, कुणी हाक मारली असावी तशी, त्यांनी हळूच ‘ओ’ दिली.

ते रेकॉर्डिंग संकलनाला निरुपयोगी आहे. मी ते पुसलेलं नाही.