दांडीच्या बायकांनी ‘नाय’ म्हटलं तेव्हा

बोईसरला उतरलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. कुठे चाललोय हे घरी सांगितलं नव्हतं. दोन दिवसांपूर्वी दांडीच्या भानुबाईंचा फोन आला होता. “मास्तर, सोमवारी सुनावनी हाय. तुमचा कागद पुना वाचनार हायत. येऊन जा.” बारा वर्षांपूर्वी दांडी या मच्छीमारांच्या गावात मी सर्वेक्षण केलं होतं. विषय समुदाय मानसशास्त्र, म्हणजे माणसाचं मन त्याच्या गावासकट समजून घेणारं शास्त्र. निदान वर्गात मी तसं शिकवतो.

रिक्षावाला गोरखपूरचा. “सरकारी आदमी हो क्या? हाथ में फाइल है।” मी फाइल पिशवीत घातली.

पाम गाव मागे पडलं आणि वाऱ्याला सुक्या मासळीचा वास आला. भानुबाईंच्या अंगणात शिरताना माझा पाय वाळत घातलेल्या जवळ्यात (बारीक कोळंबीत) पडला.

“तवा पन असाच तुडवला होता!” शेजारीण म्हणाली. अंगणातल्या सगळ्या बायका हसल्या.

तांदळाची भाकरी, बोंबलाचं कालवण. जेवण झाल्यावर भानुबाईंनी प्लॅस्टिकमध्ये घातलेलं एक पान पुढे ठेवलं. ‘समुदायात चिंता अत्यल्प, बदल स्वीकारण्याची तयारी उत्तम.’ वाक्य माझंच होतं.

“‘किनारा प्रकल्पाला द्यायचा तर यांना भीती कसली?’ मागल्या सुनावनीत साहेबानं हेच वाचून इचारला,” त्या म्हणाल्या.

माझा अहवाल कपाटात धूळ खातोय, अशी माझी समजूत होती. की सोय?

“घरधनी दर्यात असला का बाई भीतीचा नाव तोंडातून काढीत नाय,” त्या शांतपणे सांगत होत्या. “तुमची कालेजची पोरं विचारीत, काळजी वाटते? आमी सगळ्या म्हनलो नाय. तुमाला आमची रीत ठाव नव्हती. चूक झाली. तेवडाच सोमवारी सांगा.”

बारा वर्षं त्यांनी मला अजाण समजून माफ केलं होतं. मी पिशवीतून तेव्हाची वही काढली. त्यात माझ्याच अक्षरात होतं : ‘भानुबाई म्हणतात, होड्या दर्यात असताना बायका भीती बोलत नाहीत. प्रश्न निरर्थक.’

“मला ठाऊक होतं,” मी म्हणालो. “तुम्हीच सांगितलं होतंत. तुम्ही विसरलात; मी गाळलं.”

मी बोलत राहिलो. इतर मानसशास्त्रवाले आम्हाला मोर्चेवाले म्हणून हिणवत. विभाग बंद करायचं घाटत होतं. शास्त्र म्हणून मान हवा तर आकडे हवेत, आणि वरच्यांना न बोचणारे हवेत. मी तसे दिले. विभाग राहिला, मी विभागप्रमुख झालो.

भानुबाई उठून कोयता धुवायला लागल्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, “माज्या तोंडचा घेतला नि गिळला.”

“वही ठेवून घ्या. सोमवारी वाचून दाखवा,” मी म्हणालो.

त्यांनी ओल्या हातानंच ती माझ्याकडे सरकवली. “आमी नाय वाचनार. आमचा कोन ऐकतो? तुमीच वाचा, तुमच्या तोंडानं.”

परतीच्या गाडीत वही मांडीवर होती. पानावर त्यांच्या ओल्या बोटांचे डाग वाळत होते. लोकांच्या बाजूनं उभं राहायला निघालेलं आमचं शास्त्र. मी त्याला लोकांच्या वतीनं ‘भीती नाही’ म्हणायला शिकवलं.

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “सोमवारी सगळ्यांसमोर हे वाचणार? भीती नाही वाटत?”

“वाटते,” मी म्हणालो.